बाळाच्या ढुंगणावरच्या चिखल्या

गेल्या जुलैत इथं कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, त्या सकाळी एक आजी दुकानात आल्या. छत्री पायरीवर टेकवली, पदराला हात पुसले आणि चंचीतून एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. शेपटाकडून घड्या घालत घालत पार बुचापर्यंत आलेली. "हीच दे बघ पोरी. नातवाला खाली लालभडक झालंय. मागल्या टायमाला हिनं दोन दिसांत गेलं हुतं."

मी ट्यूब उलटीसुलटी करून बारीक अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासोल. हे स्टेरॉइडांमधलं सगळ्यांत जहाल समजलं जातं. घरात ही कुणासाठी आणली होती, असं विचारलं तर म्हणाल्या, "मालकांच्या गजकर्णाला." म्हणजे आजोबांच्या गजकर्णाचं औषध आठ महिन्यांच्या बाळाच्या जांघेत लागत होतं.

त्या आजींवर रागवायचं काहीच कारण नव्हतं. भर पावसात नातवासाठी चालत आल्या होत्या, आणि ट्यूबनं लाली गेली होती हेही खरंच होतं. ती का गेली आणि तशी जाणं का वाईट, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण राजारामपुरीतल्या या काउंटरमागे चौदा वर्षं उभी आहे, आणि पावसाळा लागला की "बाळाला खाली लाल झालंय, एखादी ट्यूब द्या" हे दिवसाआड ऐकते. ट्यूब काढून द्यायला अर्धा मिनिट लागतो. समजावून सांगायला पाऊण तास लागेल, आणि मागे रांग असते. म्हणून तो पाऊण तास इथं लिहून काढते.

माझं आजोळ गगनबावड्याकडचं. तिकडे रोप लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात उभ्या असतात. चार-आठ दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फुगते, मग सोलवटते आणि नुसती आग होते. याला आपण चिखल्या म्हणतो. चिखल्या झाल्या म्हणून रक्तात काही बिघडलंय किंवा पोटात उष्णता झालीय असं कुणी म्हणत नाही. पाय फार वेळ ओले राहिले, एवढंच कारण सगळ्यांना ठाऊक असतं. माझी आजी शेतात उतरण्याआधीच बोटांच्या मध्ये तेल चोळायची आणि घरी आली की पाय धुऊन, एकेक बेचकं फडक्यानं टिपून, चुलीपाशी बसायची.

डायपरचं पुरळ म्हणजे बाळाच्या ढुंगणावरच्या चिखल्या. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं. आजीनं पायांचं जे केलं तेच इथं करायचं: ओल कमी करायची, हळुवार टिपायचं आणि ओल लागण्याआधी वर एक आडोसा द्यायचा. फरक एवढाच की इथं चिखलाच्या जागी शी आणि शू असते, आणि ती चिखलापेक्षा जास्त त्रास देते.

कातडीचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे जुन्या घरावरची कौलं समजा. चपट्या, मेलेल्या पेशी एकीवर एक बसवलेल्या आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजवलेल्या. कौलं शाबूत तोवर पाऊस आत येत नाही. बाळाची कौलं मोठ्या माणसापेक्षा पातळ असतात. तान्हं बाळ दिवसाला वीसेक वेळासुद्धा शू करतं. वर्षाचं होईस्तोवर ते सात-आठ वेळांवर येतं. ओल सतत राहिली की वरचा थर पाणी पिऊन फुगतो. कपडे धुऊन झाल्यावर आपली बोटं सुरकुततात ना, तसा. अशा फुगलेल्या कातडीवर डायपरची कड किंवा लंगोटाची घडी घासली की ती लगेच खरवडते.

पण नुसत्या ओलीनं एवढी आग होत नाही. निरोगी कातडी किंचित आंबट असते, आणि त्या आंबटपणामुळेच तिची राखण होते. शूमध्ये युरिया असतो. शीतले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. सकाळी रात्रभराचा डायपर उघडल्यावर नाकाला झोंबतो तो हाच. अमोनियामुळे कातडीचा आंबटपणा जातो आणि ती साबणाच्या पाण्यासारखी अल्कली होते. आता शीमध्ये पोटातून आलेले पाचकरस असतात. प्रथिनं आणि चरबी फोडणं हेच त्यांचं काम. आंबट कातडीवर ते मवाळ असतात, अल्कली जागा मिळाली की जोरात कामाला लागतात. बाळाचं दूध पचवायला निघालेले रस बाळाचीच कातडी पचवू लागतात. १९२१ साली एका अमेरिकी डॉक्टरांनी सगळा दोष अमोनियाला दिला होता आणि पुढची पन्नासेक वर्षं तेच मानलं गेलं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या प्रयोगांत दिसलं की धडधाकट कातडीवर एकटा अमोनिया फारसं काही करत नाही; शी आणि शू एकत्र आल्या की घात होतो.

म्हणून घरात एकच नियम पाळायचा झाला तर हा पाळा: शू झालेला डायपर थोडा वेळ चालेल, शी झालेला पाच मिनिटंही नको. बाळ झोपलंय, उठवलं तर रडेल, ही अडचण मला माहीत आहे. तरी बदला.

आता हे लाल नेमकं केव्हा होतं तेही बघू. सर्वांत जास्त त्रास नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान दिसतो. तेव्हा बाळ वरचं खायला लागलेलं असतं, शी बदललेली असते, आणि बसून-सरकून घर्षण वाढलेलं असतं. अंगावर पिणाऱ्या बाळांची शी तुलनेनं आंबट असते, त्यांना त्रास कमी. जुलाब लागले की जवळजवळ हमखास होतं. अँटिबायोटिकचं औषध सुरू असताना आणि त्यानंतरच्या आठवड्यातही होतं, त्याचं कारण पुढे येईल. दात येतात म्हणून जुलाब लागतात, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते बरोबर नाही. त्या वयात बाळ रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं आणि त्यातून पोट बिघडतं. जुलाबांना दातांवर ढकलून गप्प बसू नका. ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना विचारा. ते सहसा १४ दिवसांचं झिंकचं औषधही देतात.

आणि एक गोष्ट कोल्हापूरकरांसाठी मुद्दाम. आईनं तांबडा रस्सा ओरपला म्हणून बाळाची शी तिखट झाली आणि भाजलं, असं सांगून कितीतरी बाळंतिणींना महिनोन् महिने फिका वरणभात खायला घालतात. शीतली जी आग आहे ती मिरचीची नाही, पाचकरसांची आहे. आईच्या ताटातलं तिखट काढून बाळाचं ढुंगण बरं होत नाही. तिला पोटभर, आवडीचं जेवू द्या.

उपचाराआधी नीट बघा

दिवसा, खिडकीच्या उजेडात, बाळाला पाठीवर झोपवून दोन्ही पाय हळूच वर उचला. बघायचं एकच: लाली फुगवट्यांवर आहे की घड्यांमध्ये?

साध्या पुरळात डायपर जिथं टेकतो तिथं लाली असते. ढुंगणाचे गोळे, मांड्यांचा वरचा भाग, ओटीपोटाचा खालचा भाग, मुलीच्या बाबतीत बाहेरचे ओठ, मुलाच्या बाबतीत वृषणाची पिशवी. जांघेच्या घडीत बोट घालून ती उघडली तर आतली कातडी बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. हे घरी बरं होतं.

घडीतही लाली असेल, ती कच्च्या मटणासारखी गडद लाल असेल, कड ठसठशीत असेल आणि मुख्य चट्ट्याच्या भोवती सुट्या बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसत असतील, तर बहुतेक कँडिडा नावाची बुरशी बसलेली असते. साधं पुरळ तीन दिवसांहून जास्त रेंगाळलं की ही बुरशी त्या ओल्या, उबदार जागेत घर करते. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मघाशी पुढे येईल म्हटलेलं कारण ते हेच. अशा वेळी बाळाचं तोंडही उघडून बघा. जिभेवर, गालांच्या आत दह्यासारखे पांढरे ठिपके असतील आणि पुसून निघत नसतील, तर तीही तीच बुरशी. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बोंड्यांना जळजळ होत असेल तर तिलाही औषध लागतं, नाहीतर दोघांमध्ये ती फिरत राहते. बुरशीला क्लोट्रिमाझोलसारखं साधं मलम पुरतं, पण ते डॉक्टरांनी बघून सांगितल्यावरच लावा, आणि त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. लाली गेली म्हणून चौथ्या दिवशी थांबवलं की आठवड्यात ती परत येते. लावताना आधी बुरशीचं मलम पातळ लावायचं, ते जिरलं की वर आडोशाचा जाड थर.

धुणं, टिपणं, आडोसा

डायपर काढल्यावर शी कोरड्या कापसानं किंवा डायपरच्याच स्वच्छ भागानं पुढून मागे उचलून घ्या. मुलीच्या बाबतीत ही दिशा कधी चुकवू नका. मग कोमट पाणी. मी सगळ्यांना एक लहान तांब्या किंवा बारीक तोंडाची बाटली वापरायला सांगते: पाण्याची बारीक धार सोडायची, हातानं चोळायचं नाही. प्रत्येक वेळी साबण नको. साबण अल्कली असतो. कातडीचा जो आंबटपणा टिकवायची आपली धडपड चाललीय, तोच तो घालवतो. दिवसातून एकदा, अंघोळीला, सौम्य आणि बिनवासाचा एवढा पुरे. बाहेर असताना ओले वाइप्स वापरावेच लागले तर बिनवासाचे, बिनअल्कोहोलचे घ्या. धुण्याच्या पाण्यात अँटिसेप्टिकचं बूच ओतू नका. सोललेल्या जागेवर ते झोंबतं, आणि साधं पुरळ मुळात जंतुसंसर्गानं झालेलं नसतं.

टिपणं म्हणजे टिपणं, पुसणं नव्हे. मऊ सुती फडकं कातडीवर ठेवायचं, दाबायचं, उचलायचं. मग बाळाला तसंच उघडं ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा जमलं तर फार फरक पडतो. खाली प्लास्टिक, त्यावर दुपटं, आणि बाळ पोटावर. पण त्या वेळी समोर कुणीतरी बसलेलंच पाहिजे. शू होईल, होऊ द्या. दुपटं धुता येतं. हे सगळ्यांत स्वस्त औषध आहे आणि घाईत नेमकं हेच टळतं.

मग आडोसा. इथं लोक सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून जरा सावकाश सांगते. दुकानात मागायचं ते झिंक ऑक्साइडचं मलम. त्यात दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत झिंक असतं. लाली जास्त असेल तर जास्त टक्क्यांचं, घट्ट पेस्टसारखं घ्या. ते नसेल तर साधी पेट्रोलियम जेलीही चालते. गुलाबी कॅलामाइन लोशन नको. त्यातही झिंक असतं खरं, पण ते पाण्यासारखं पातळ असतं, वाळून पापुद्रा होतं, ओल अडवत नाही. बिनवासाचं घ्या, कारण सुगंधानं कातडी आणखी चिडू शकते.

हे मलम आत जिरायला लावायचं नसतं. बहुतेक आया चेहऱ्याला क्रीम लावावी तसं एक ठिपका घेऊन चोळून चोळून नाहीसं करतात, आणि मग म्हणतात की ट्यूबचा काही उपयोग झाला नाही. भाकरीवर लोणी थापतात तसा जाड, पांढरा थर दिसायला हवा. खालची लाली दिसेनाशी झाली की समजा बरोबर लागलं. पुढच्या वेळी शी झाली की वरचा मळलेला भाग तेवढा हळूच उचलायचा, खालचा पांढरा थर तसाच ठेवायचा आणि त्यावर नवा थापायचा. प्रत्येक वेळी कातडी पूर्ण उघडी करायच्या नादात खरवडत बसलात तर दिवसाला सात-आठ जखमा करता. दिवसातून एकदा सगळं काढायचं असेल तर कापसावर खोबरेल तेल घेऊन पुसा. थर त्यात विरघळून येतो.

डायपर चालू ठेवला तरी चालतो, पण पुरळ असेपर्यंत एक माप मोठा घ्या आणि ढिला बांधा, म्हणजे वारा खेळतो. दर तासाला बोट घालून बघा, दोन तासांनी बदला, रात्रीतून निदान एकदा उठा. आजच्या डायपरमध्ये पाणी शोषून जेलीसारखे होणारे बारीक दाणे असतात आणि ते शू खरंच चांगली आत ओढतात. त्या दाण्यांमुळे पूर्वीपेक्षा पुरळ कमी झालंय, हे मान्य करायला हवं. पण शी ते शोषत नाहीत. "बारा तास कोरडं" हे पाकिटावरचं वाक्य शूबद्दल आहे, हे लक्षात असू द्या.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात महामार्ग बंद पडला आणि दुकानात माल येईना. डायपरचं शेल्फ दोन दिवसांत रिकामं झालं. तेव्हा घराघरांतून जुनी सुती लुगडी आणि इचलकरंजीची जुनी धोतरं फाडून लंगोट झाले. कापडाचा फायदा हा की ओलं झालेलं लगेच कळतं, त्यामुळे बदललं जातं. तोटा हा की ते ओल कातडीला चिकटवून ठेवतं. तेव्हा लंगोट चांगला की डायपर, यावर मी वाद घालत नाही. जे वारंवार बदलणं तुमच्या घरात जमेल ते चांगलं. लंगोटावरून प्लास्टिकची किंवा रबराची चड्डी मात्र घालू नका. आत वाफ कोंडते.

आपल्याकडचा पावसाळा लंगोटाचा शत्रू आहे. चार-चार दिवस ऊन नाही, दोरीवरचे लंगोट सर्द, आणि घाईत तसाच किंचित ओला लंगोट बांधला जातो. हाताच्या तळव्याला कोरडा वाटतो, म्हणून गालाला लावून बघा. गालाला गार लागला तर तो ओला आहे. अशा वेळी इस्त्री फिरवा आणि गार झाल्यावर बांधा. धुताना पावडर कमी आणि पाणी जास्त. खळबळून झालेल्या लंगोटाला अजून फेस येत असेल तर ती पावडर बाळाच्या कातडीवर जाणार आहे. आणखी एकदा खळबळा. सुगंधी सॉफ्टनर नको.

घरातल्या डब्यांतलं काय चालतं, काय नाही

शुद्ध खोबरेल तेल चालतं. ते स्निग्ध आहे, साध्या लालीवर आडोसा देतं. सोललेल्या जागेला झिंकइतका जाड थर देऊ शकत नाही एवढंच. पण आपल्याकडे खोबरेलात कापूर घालून ठेवायची पद्धत आहे, सर्दीला आणि अंग चोळायला. ते तेल तान्ह्या बाळाला कुठेच लावू नका. कापूर कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातो, आणि लहान बाळाला त्यानं झटके येऊ शकतात. सोललेल्या कातडीतून तर तो आणखी सहज जातो. डबा हुंगून बघितल्याशिवाय तेल वापरू नका.

पावडर कुठलीच नको. टाल्कचे कण बाळाच्या फुप्फुसात जातात, आणि घडीत ओलीशी मिळून त्याचा खडबडीत लगदा होतो, तो आणखी घासतो. वेखंडाची पूड, डाळीचं पीठ, हळद हेही तुटलेल्या कातडीवर नको. वेखंड झोंबतं, पीठ खरवडतं, आणि हळद लावली की लाली किती वाढली, किती कमी झाली तेच दिसेनासं होतं. शेगडीवरची धुरी देऊन "शेकणं" तर नकोच. धूर छातीत जातो, आणि भाजण्याचा धोका वेगळाच. खायचा सोडा पाण्यात घालून धुणंही टाळा, तोही अल्कली असतो आणि अंगात जिरू शकतो.

बोरिक पावडरबद्दल वेगळं सांगते, कारण ती अजून मागितली जाते. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती. एका पिढीनं ती बाळांच्या घड्यांत भरली आहे, म्हणून आज्या विश्वासानं मागतात. तुटलेल्या कातडीतून बोरिक रक्तात जातं आणि बाळाला विषबाधा होते. पूर्वी यात बाळं दगावलीही आहेत. बाळासाठी म्हणून बोरिक मागितलं तर मी देत नाही.

ती घड्या घातलेली ट्यूब

आता आजींच्या ट्यूबकडे येते. स्टेरॉइडनं लाली जाते, आणि तीही झटपट, कारण लाली आणि आग हा शरीराचा प्रतिसाद असतो आणि स्टेरॉइड तो प्रतिसादच दाबून टाकतं. कारण तसंच राहतं. खाली बुरशी असेल तर तिला आवरणारी शरीराची ताकदही दबते, आणि ती आतल्या आत पसरते. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असलं तरी स्टेरॉइड त्याच्या कामात आडवं येतं. लावणं थांबवलं की आठवड्याभरात पुन्हा लाल, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. आजींचं "मागल्या टायमाला" यातूनच आलं होतं.

मोठ्या माणसाच्या हातापायावर लागतं ते स्टेरॉइड बाळाच्या जांघेत त्याच मापानं काम करत नाही. बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानानं कातडीचा पसारा मोठा, आणि वर डायपरचं झाकण. झाकलेल्या, ओल्या जागेत औषध कितीतरी जास्त आत ओढलं जातं. कातडी आणखी पातळ होते, तिच्यावर रेघा आणि व्रण उठतात. बरेच आठवडे चालू राहिलं तर ते रक्तात जाऊन बाळाचा चेहरा गोल होतो, वाढ खुंटते, आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावतं. कधी कधी त्वचेचे डॉक्टर बाळाला अगदी सौम्य स्टेरॉइड दोन-चार दिवसांपुरतं देतात. ती वेगळी गोष्ट. ते बघून, मोजून दिलेलं असतं. घरातल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलेलं दिसलं तर ती बाळासाठी नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियमही आहे. तो पाळला जात नाही हे मी रोज बघते, आणि याचा दोष मागणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याचा जास्त, असं मला वाटतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दोन-तीन दिवस हे सगळं नीट करूनही उतार पडत नसेल तर. पाण्याचे फोड, पू, पिवळी खपली किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी. गुदद्वाराभोवती लालचुटुक, रेघ मारल्यासारखं वर्तुळ असेल आणि शी करताना बाळ किंचाळत असेल तर, कारण तिथं जंतूंचा संसर्ग असू शकतो आणि त्याला तोंडावाटे औषध लागतं. लाली पोटावर, पाठीवर चढायला लागली तर. तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसेच चट्टे असून जुलाब थांबत नसतील तर, कारण अंगात झिंक कमी पडल्यावर असं होतं. शू कमी झाली, बाळ मलूल झालं तर. ताप आला तर, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर रात्र असली तरी थांबायचं नाही. खासगी फी झेपत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

तोवर एक सोपं काम करत राहा. रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच उजेडात मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना फरक कळत नाही, तीन फोटो शेजारी ठेवले की कळतो. डॉक्टरांना दाखवायलाही तेच उपयोगी पडतात. फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. बाळाचा आहे, तुमच्याच फोनमध्ये राहू द्या.

त्या दिवशी आजींना मी झिंकचं मलम दिलं आणि भाकरीवरच्या लोण्याचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, जाड म्हणजे किती जाड. मग ट्यूब उचलत म्हणाल्या, "बरं, मालकांच्या गजकर्णाला तर ही चालंल न्हवं?" मी म्हटलं, आजी, आजोबांनाही नको. गजकर्णही बुरशीच आहे, अशा मलमानं ते वरून दबतं आणि आतून चिवट होतं. मग महिनोन् महिने जात नाही. किती दिवसांचं आहे? आजींनी बोटं मोजली. "दोन पावसाळं झालं." थोडा वेळ त्या घड्यांकडे बघत राहिल्या, आणि ट्यूब चंचीत न टाकता माझ्याकडे सरकवली. "सोमवारी मालकांस्नी घिऊन येतो. कंच्या डॉक्टरकडं जायाचं तेवढं कागदावर लिवून दे."